मोबाईलचा तास, मोबाईलशिवाय

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
जिल्हा परिषद, चंद्रपूर.

(एक प्रत गडचिरोलीच्या शिक्षणाधिकाऱ्यांना. वाघाला आणि व्हॉट्सॲपला वैनगंगेची हद्द कळत नाही.)

महोदय,


2025च्या नोव्हेंबरमध्ये तो व्हिडिओ आपल्याही फोनवर आला असेल. ब्रह्मपुरीच्या वन विश्रामगृहाबाहेर एक माणूस खुर्ची टाकून बसला आहे, वाघ येतो, झडप घालतो आणि त्याला फरफटत घेऊन जातो. सीसीटीव्हीचं वाटावं असं चित्र, वर 31 ऑक्टोबरची तारीख. असं काही घडलेलंच नाही, व्हिडिओ एआयने बनवलेला आहे, हे वन विभागाला जाहीर करावं लागलं. तोवर पुण्या-मुंबईचे नातेवाईक ‘तुमच्याकडे सगळं ठीक ना?’ म्हणून फोन करून मोकळे झाले होते. त्याच सुमारास पेंचच्या बाजूला एक दारुडा रस्त्यावर वाघाला गोंजारतो आहे, असाही व्हिडिओ फिरत होता. तोही तसलाच.

सिंदेवाहीचं जंगल ब्रह्मपुरी वन विभागातच येतं, त्यामुळे नववीच्या वर्गात हा विषय मुलांनीच काढला. अर्धा वर्ग ‘खरा’ म्हणत होता, अर्धा ‘खोटा’. चित्रातल्या सावल्या, पंजे, माणसाचे हात यांवर बराच खल झाला, आणि एआयच्या चुका पकडण्यात पोरं माझ्यापेक्षा तरबेज आहेत हे कळलं. पण त्यातून निकाल लागेना. मग मी फळ्यावर एक प्रश्न लिहिला : गेलेल्या माणसाचं गाव कोणतं?

या प्रश्नाचं वजन इथल्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे वाघाने माणूस मारला की तासाभरात त्याचं गाव, आडनाव, तो सरपणाला गेला होता की गुरं घेऊन, जंगलातल्या कोणत्या कक्षात सापडला, हे सगळं तालुक्याला माहीत होतं. वनरक्षक येतात, पंचनामा होतो, वाघाचा बंदोबस्त केल्याशिवाय मृतदेह उचलू देणार नाही म्हणून गाव अडून बसतं, 25 लाखांच्या मदतीची कागदपत्रं सुरू होतात. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, याले त गावच नाही. मंग खोटाच हाये.”

शहरातल्या जाणकारांनी व्हिडिओची एकेक चौकट तपासून जे सांगितलं, ते या पोराने गावाच्या नावावरून ओळखलं. आपल्याला हे पत्र लिहिण्याचं धाडस मला त्या उत्तराने दिलं. तपासण्याची अक्कल मुलांकडे आहे. ती फोनच्या पडद्यालाही लावायची असते, एवढं त्यांना कुणी सांगितलेलं नाही, कारण शाळेच्या वेळापत्रकात त्यासाठी जागा नाही.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. 10 मे 2025 रोजी याच तालुक्यात, मेंढा-मालच्या जंगलात, तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ती बातमी खरी होती आणि तिला गाव होतं. मी त्या दिवसाबद्दल बोलत नाही, एरवी होतं ते सांगतो : जंगलात कुणी सापडलं की पंचनाम्याच्या आधी फोटो निघतात. फाटलेलं लुगडं, रक्त, उघडं पडलेलं अंग. संध्याकाळपर्यंत ते फोटो दहा गटांवर असतात, खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. पाठवणाऱ्याच्या मनात पाप नसतं. सावध करावं, हळहळ कळवावी, एवढाच हेतू. पण ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरातलं मूल पंधरा दिवसांनी वर्गात येऊन बसतं, आणि त्याच्या बाकाच्या अलीकडे-पलीकडे बसलेल्यांच्या घरातल्या फोनमध्ये त्याची आई तशा अवस्थेत असते. खोटा व्हिडिओ पुढे पाठवू नये हे मुलांना पटकन पटतं. खरा फोटोही पुढे पाठवू नये, हे पटायला वेळ लागतो. त्यासाठी तास हवा.

महोदय, फोन आमच्या घरात कसा आला ते आपल्याला ठाऊक आहे. मार्च 2020मध्ये शाळा बंद झाल्या, ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी घोषणा झाली आणि ज्या घरात साधा फोनही सगळ्यांत मिळून एक होता त्या घराने धान विकून स्मार्टफोन घेतला. मुलं रेंजसाठी टेकडीवर, पाण्याच्या टाकीवर चढली. शिक्षण किती झालं ते सोडून द्या, फोन मात्र राहिला. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या 2024च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयोगटाचा हिशेब आहे : जवळजवळ 90 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन, 82 टक्क्यांना तो वापरता येतो. त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला म्हणणारे 57 टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरला म्हणणारे 76 टक्के. आणि समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी त्रास देणाऱ्याला ब्लॉक कसं करायचं किंवा त्याची तक्रार कशी करायची हे ठाऊक असलेले 62 टक्के. आपलं खातं खासगी कसं ठेवायचं हे ठाऊक असलेले 55 टक्के. सुरक्षिततेच्या या माहितीत मुली मुलांच्या मागे आहेत, हेही त्याच अहवालात आहे. म्हणजे फोनचा त्रास जिला जास्त होण्याचा संभव, तिच्याच हातात त्याची कडी-कुलपं कमी.

आपण शाळांनी यावर काय केलं? वर्षातून एकदा ‘सायबर जागृती कार्यक्रम’ केला. ठाण्यातून कुणी साहेब येतात. दोन वर्गांच्या मधलं दार काढून मुलं दाटीवाटीने बसवली जातात. माईक आधी कुरकुरतो, मग शिट्टी मारतो. पाऊण तासात कलमं, शिक्षा, दंड, तुरुंग, ‘ओटीपी सांगू नका’, ‘अनोळखी माणसाशी बोलू नका’. मुलांना प्रश्न विचारायला सांगतात तेव्हा कुणी विचारत नाही, कारण सगळी शाळा बसलेली असते आणि पुढे वर्दी असते. साहेबांचा यात दोष नाही. बंदोबस्त, गुन्हे, निवडणूक सांभाळून ते येतात, हेच पुष्कळ. पण कार्यक्रम संपतो, शाल-श्रीफळ होतं, फोटो गटावर जातो आणि विषय पुढच्या वर्षापर्यंत मिटतो.

मला काळजी आहे ती त्या पाऊण तासात जी बोलली नाही तिची.

मुलींच्या बाबतीत घडतं ते साधारण असं. कुणीतरी शाळेच्या स्नेहसंमेलनातला, मंडईच्या जत्रेतला किंवा लग्नातला फोटो उचलतो, तिच्या नावाचं खातं काढतो आणि त्यावरून पोरांशी बोलत सुटतो. अलीकडे फोटोतला चेहरा ठेवून बाकीचं बदलून देणारी ॲपही फुकट मिळतात. कधी एखाद्या मुलाशी खरोखरच बोलणं झालेलं असतं, विश्वासाने फोटो पाठवलेला असतो, मग बिनसतं आणि तोच फोटो धमकीचा होतो. माझ्याकडे आलेली एक मुलगी (गाव, वर्ष, इयत्ता काहीच सांगत नाही) तीन आठवडे कुणाशी बोलली नव्हती. का, असं विचारल्यावर म्हणाली, “घरी समजला त फोनही घेतीन अना शाळाही बंद करतीन.” तिचा हिशेब चुकीचा नव्हता. आमच्याकडे मुलीच्या बाबतीत काही वावगं कानावर आलं की पहिली कात्री शाळेला लागते. दुसरी, स्थळं बघायला सुरुवात. ज्याने खातं काढलं तो मात्र त्याच रस्त्याने सायकलवर शिट्टी मारत शाळेत येतो.

त्यामुळे ‘मुलांनो, काही झालं तर मोठ्यांना सांगा’ हे वाक्य आपण ज्या सहजतेने म्हणतो, त्याला इथे काही अर्थ उरत नाही. सांगितल्यावर काय होईल याची हमी आधी मोठ्यांनी द्यायला हवी. शाळेपुरती ती हमी आपण देऊ शकता. त्यासाठी नवी यंत्रणाही उभारायला नको. प्रत्येक शाळेत तक्रारपेटी बंधनकारक आहे, 2022पासून मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समितीही. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर, ऑगस्ट 2024मध्ये, या दोन्हींची आठवण सगळ्या राज्याला झाली होती. पण ऑनलाइन त्रास हा या समितीचा विषय आहे, असं किती समित्यांना वाटतं? पेटीतली चिठ्ठी उघडल्यावर पहिला फोन मुलीच्या वडिलांना जायचा की आधी मुलीशी बोलायचं, हे कुठे लिहिलेलं आहे?

निदान या चार गोष्टी शाळेतल्या एका तरी बाईंना पाठ असाव्यात. धमकीचे संदेश पुसायचे नाहीत, स्क्रीनशॉट ठेवायचे. 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांक रात्रीही चालतो. आर्थिक फसवणूक असेल तर 1930 वर तासाभरात कळवलं तर गेलेले पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता बरीच असते. आणि ‘टेक इट डाउन’ नावाची एक फुकट सेवा आहे. हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणारी अमेरिकेतली संस्था ती चालवते. 18 वर्षांखालच्या मुलामुलीचा तसला फोटो असेल तर तो कुणालाही पाठवावा लागत नाही. मुलीच्याच फोनवर त्या फोटोचा एक आकडी ठसा तयार होतो, तेवढाच संस्थेकडे जातो आणि फेसबुक, इन्स्टाग्राम अशा सहभागी कंपन्या त्या ठशावरून फोटो शोधून काढून टाकतात. व्हॉट्सॲपवरच्या खासगी गप्पांपर्यंत ही सेवा पोचत नाही, ही तिची मोठी मर्यादा. तरीही ज्या मुलीला ‘आता काहीच होऊ शकत नाही’ असं वाटतं तिच्यासाठी एवढंही पुष्कळ असतं.

मुलग्यांशीही बोलावं लागेल, आणि ते जास्त अवघड आहे. त्यांना कलमं ऐकवून काही होत नाही असं मी वर म्हटलं, तरी एक कायदा त्यांना नीट समजावलाच पाहिजे. अल्पवयीन मुलीचा अश्लील फोटो काढणारा गुन्हेगार आहे हे त्यांना कळतं. तो फोटो नुसता पुढे ढकलणारा आणि फोनमध्ये साठवून ठेवणाराही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 67-बी कलमात सापडतो, पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, हे त्यांच्या गावीही नसतं. ‘मी कुठे काढला, मी त फक्त पाठवला’ हे वाक्य मी पंधरा वर्षांच्या तोंडून ऐकलं आहे आणि पन्नास वर्षांच्याही. कायद्यापलीकडचं बोलायला दुसरी वाट घ्यावी लागते. माझ्यासाठी ती वाट झाडीपट्टीच्या नाटकातून गेली. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो, वडसाहून कंपन्या निघतात, गावोगाव रात्रभर नाटक चालतं. पोरं समोर बसून नृत्याचे तुकडे चित्रित करतात आणि सकाळी टाकतात. खाली जे लिहिलेलं असतं ते मी इथे लिहू शकत नाही. वर्गात मी विचारलं, ती बाई पहाटे मेकअप पुसून गाडीत बसते, दुसऱ्या गावी उतरते, तिथल्या पोरांनी हे आधीच वाचलेलं असतं. ती मंचावर कशी येत असेल? कुणी हसलं, दोघांनी माना खाली घातल्या. एका मुलाने विचारलं, “तिलेही पोरं असतीन का सर?” या प्रश्नापाशी तास संपला. पुढचा तास पुढच्या आठवड्यात असता तर बरं झालं असतं, पण तो नव्हता. मराठीच्या तासात मी हे उसनं घेतलं होतं, आणि परीक्षा तोंडावर होती.

शाळेबाहेर लोकांनी आपापल्या परीने उपाय शोधले आहेत, तेही पाहू. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबर 2022मध्ये ग्रामसभा घेऊन 18 वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदी केली, दोनशे रुपये दंड ठेवला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावात त्याच वर्षीच्या 15 ऑगस्टपासून संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. दीड तास टीव्ही बंद, मोबाईल बंद, घरच्या बायामाणसांनी मालिकाही बंद ठेवायच्या, मुलांनी अभ्यासाला बसायचं. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर 2025पासून 16 वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांची दारंच बंद केली. मला यांतलं वडगाव आवडतं, कारण तिथे मोठ्यांनीही फोन खाली ठेवला. बान्सीच्या गावकऱ्यांची तळमळ कळते, पण आमच्या तालुक्यात तसा ठराव झाला तर दंड भरून पोरगा फोन वापरत राहील आणि पोरीचा फोन कायमचा पेटीत जाईल, असं मला वाटतं. आणि बंदी सोळाव्या किंवा अठराव्या वाढदिवसाला संपते. त्या दिवशी मुलाच्या हातात फोन येतो, शिकवण मात्र शून्य.

शिकवता येतं याचा दाखला आहे. 2018मध्ये केरळच्या कण्णूर जिल्ह्यात ‘सत्यमेव जयते’ नावाचा उपक्रम झाला. तेव्हाचे जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी दीडशेच्या आसपास सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे तास सुरू केले. त्याआधी तिथे लसीकरणाविरुद्धच्या अफवांनी आरोग्य खात्याला जेरीला आणलं होतं. जिल्ह्याच्या पातळीवर, आहेत त्याच शिक्षकांकडून, आहेत त्याच वर्गांत. ही गोष्ट मी मंत्रालयाला न लिहिता आपल्याला लिहितो आहे त्याचं कारण हेच.

त्याच 2018 साली आपल्या महाराष्ट्रात काय झालं ते आठवा. 1 जुलैचा रविवार, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे उतरले. एका लहान मुलीशी बोलताना त्यांना कुणी पाहिलं, मुलं पळवणारी टोळी आली अशी ओरड झाली, आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्या पाचही जणांना जिवे मारण्यात आलं. मुलं पळवण्याचे संदेश तेव्हा कित्येक दिवस भागात फिरत होते. त्या वर्षी देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक तर कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता. मूळ फिल्ममध्ये शेवटी मूल परत आणून सोडतात. तो शेवट कापून टाकलेला. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच ठिकाणांपुरतीच पुढे पाठवण्याची मर्यादा घातली.

आमच्या सिंदेवाहीच्या बाजारातही बहुरूपी येतात, गोसावी येतात, जडीबुटीवाले येतात, पालं टाकून राहतात. त्यांची भाषा वेगळी, वेश वेगळा. राईनपाड्याचा धडा आठवीच्या पुस्तकात असायला हवा होता. तो नाही, म्हणून मी तो फळ्यावर घेतो. त्या फिल्मचा कापलेला शेवट मुलांना आधी सांगत नाही. गोष्ट अर्धी सांगून थांबतो आणि पुढे काय झालं असेल ते लिहायला लावतो. मग खरा शेवट सांगतो. त्या तासाला मोबाईल लागत नाही. फळा, खडू आणि कागद पुरतात. आपल्या कित्येक शाळांतले संगणक कपाटात किल्लीखाली आहेत, इंटरनेटचं बिल कोणत्या शीर्षात टाकायचं हा प्रश्न सुटलेला नाही. हे सुटेपर्यंत थांबण्याचं कारण नाही, एवढंच मला म्हणायचं आहे.

आणखी एका कामात आमची मुलं कधीच मोठी झाली आहेत, तिकडेही आपलं लक्ष वेधतो. घरातला फोन आईबापाचा असला तरी तो चालवतं मूल. धान विक्रीची नोंदणी, पीएम-किसान, लाडक्या बहिणीची ई-केवायसी, बँकेचा संदेश वाचणं, सगळं आठवी-नववीतलं पोर करतं. 2025च्या शेवटी लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीच्या धांदलीत बनावट संकेतस्थळं निघाली होती. पीएम-किसानच्या नावाची एपीके फाइल व्हॉट्सॲपवर येते, दाबली की फोनचा ताबा जातो. हप्त्याच्या पंधराशे रुपयांसाठी आईने मुलीच्या भरवशावर ओटीपी द्यावा आणि खातं रिकामं व्हावं, मग मार पोरीला. सुरक्षिततेचा धडा या मुलीला दिला तर घरातल्या चार जणांपर्यंत तो पोचतो. प्रौढ साक्षरतेचा इतका स्वस्त मार्ग मला दुसरा दिसत नाही.

आता थोडं आमच्याबद्दल, म्हणजे शिक्षकांबद्दल आणि आपल्या कार्यालयाबद्दल. रागावू नये.

मुलांना आपण सांगतो, दुसऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय टाकू नका. आणि आम्ही दिवसभर काय करतो? गणवेश वाटले, फोटो. खिचडीच्या ताटासमोर ओळ, फोटो. हात धुतले, फोटो. झाड लावलं, फोटो. शिष्यवृत्तीचा धनादेश हातात धरून गरिबाचं पोर अवघडून उभं, फोटो. केंद्रप्रमुखांच्या गटावर, तालुक्याच्या गटावर, तिथून शाळेच्या फेसबुकवर, नावासकट. वरून मागणीही तशीच येते. नोव्हेंबर 2016मध्ये शासनाने दर सोमवारी शिक्षकांनी विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून ‘सरल’ प्रणालीवर टाकावी असा आदेश काढला होता, शिक्षकांनी विरोध केला म्हणून तो बारगळला. 2024मध्ये मुख्यमंत्र्यांच्या पत्रासोबत मुला-पालकांनी सेल्फी काढून टाकायची मोहीम झाली. विद्यार्थ्यांच्या याद्या जातीच्या रकान्यासह, आधार क्रमांकासह व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरतात, कारण ‘अर्ध्या तासात माहिती पाठवा’ असा निरोप असतो. मुलांच्या माहितीला वेगळं संरक्षण हवं हे 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने मान्य केलं आहे. शाळांना त्यात काही सवलती आहेत हेही मला ठाऊक आहे. पण सवलत म्हणजे मुभा असं समजून चालणाऱ्या शाळेत संमतीचा धडा शिकवायचा तर शिक्षकाने कोणत्या तोंडाने शिकवावा? एका सहावीतल्या मुलीने मला फोटो काढू दिला नाही. ‘माझा नको’ म्हणाली, कारण सांगितलं नाही. शेजारचे शिक्षक म्हणाले, आगाऊ आहे. मला वाटलं, या विषयात शाळेत तिलाच तेवढे पूर्ण गुण.

जाता जाता भीतीबद्दल. नोव्हेंबर 2012मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. मुंबई बंद का, एवढाच तिचा आशय. त्यातून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66-ए कलमाचा खटला उभा राहिला आणि सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी ते कलम रद्द केलं. हेही मुलांना सांगितलं पाहिजे. नाहीतर आपल्या तासातून ‘काही बोलूच नका, काही लिहूच नका’ एवढंच घेऊन ती बाहेर पडतील. गावातला रस्ता खराब आहे, खिचडीत अळ्या निघाल्या, बस येत नाही, हे त्यांनी लिहावं. नाव घेऊन, पुराव्यासह, शिवी न देता लिहावं. आमची झाडीबोली ऐकून जे हसतात त्यांना आमच्या पोरांनी झाडीबोलीतच उत्तर द्यावं.

मागणं फार नाही. पहिली ते आठवीला ‘आनंददायी शनिवार’ आहे. त्यातला महिन्याला एक शनिवार, सहावीपासून, या विषयाला ठरवून द्यावा. नववी-दहावीला महिन्यातून एक तासिका. केंद्राकेंद्रात शिक्षण परिषद होतेच. वर्षातल्या दोन परिषदा यासाठी ठेवाव्यात आणि तिथे भाषणाऐवजी आम्हाला खरी प्रकरणं, नावं काढून, चर्चेला द्यावीत. प्रत्येक शाळेतून दोन जण तयार व्हावेत, त्यात एक बाई हव्यातच. सखी सावित्री समितीला लेखी कळवावं की ऑनलाइन त्रासाची तक्रार आल्यास मुलीचा फोन काढून घ्यायचा नाही, तिची शाळा बुडू द्यायची नाही, आणि घरी सांगायचं ते तिच्याशी बोलून, तिच्या बाजूने उभं राहून. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने धडे तयार करावेत, पण दिल्लीच्या पुस्तिकेचं भाषांतर करून नव्हे. त्यात वाघाचा व्हिडिओ असावा, तेंदूपत्त्याच्या बोनसचा खोटा संदेश असावा, मंडईतला फोटो असावा. गडचिरोलीच्या साहेबांना विशेष विनंती : एटापल्ली-भामरागडच्या मुलांसाठी ते माडियात बोललं जाईल अशी सोय करावी. छापील मराठीत ते तिथे पोचणार नाही.

ताडोबाच्या बफरमध्ये सीतारामपेठला जंगलाच्या कडेला एआयचे कॅमेरे लावले आहेत. वाघ गावाकडे वळला की ते ओळखतात आणि गावाला इशारा जातो. ज्या तंत्राने ब्रह्मपुरीचा खोटा वाघ काढला त्याचीच ही दुसरी करामत. आमच्या मुलांपैकी कुणी उद्या असे कॅमेरे बसवणारं निघेल, कुणी खोटे व्हिडिओ बनवणारंही निघेल. दोघंही सध्या माझ्याच वर्गात बसतात, बहुधा एकाच बाकावर.

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी हे ठरलं तर पहिल्या सत्रापासून सुरू करता येईल. आमच्या केंद्राच्या परिषदेत पहिला तास घ्यायला मी तयार आहे, मानधन नको.

आणि परिपत्रक काढलंत, तर एक कृपा करावी. त्याच्या शेवटी ‘तासिका घेतल्याचे विद्यार्थ्यांसह छायाचित्र त्याच दिवशी गटावर टाकावे’ ही ओळ तेवढी घालू नये.

कळावे,
आपला,
एक माध्यमिक शिक्षक
ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर